पोहे नंतर, पक्षी आधी : इंदूरजवळच्या टेकरीवर सहकुटुंब पक्षीनिरीक्षण

"एवढं लांब गेलो, पण पक्षीच नव्हते." इंदूरच्या मराठी घरांतली ही ठरलेली तक्रार. जरा खोदून विचारलं की सगळं कळतं. रविवारी सगळ्यांच्या आंघोळी उरकून गाडी नऊला निघाली, वाटेत पोहे-जलेबी झाली, महू ओलांडेपर्यंत साडेदहा वाजले आणि गाडीतून उतरताच मुलांनी डोंगराला हाक मारून प्रतिध्वनी ऐकला. पक्षी होते, पण ते सात ते नऊच्या दरम्यान होते. रात्रभराच्या उपाशी पोटी पाखरं उजाडताच खायला बाहेर पडतात, गाणंही तेव्हाच सर्वांत जास्त. ऊन तापलं की झाडोऱ्यात शिरून गप्प बसतात.

म्हणजे चूक टेकरीवर होत नाही, आदल्या दिवशीच झालेली असते. म्हणून खाली तयारीलाच जास्त जागा दिली आहे. टप्पे त्याच क्रमाने घ्या.

१. जागा आणि महिना

जागा ठरवताना "तिथे कोणते पक्षी दिसतात" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न : बरोबर कोण येतंय?

लहान मूल किंवा गुडघे धरलेली आजी असेल तर रालामंडल. बायपासच्या पलीकडे, शहराला लागून, वाट रुळलेली, माथ्यावर होळकरांची जुनी शिकारगाह. कुणी दमलं तर कुठूनही मागे फिरता येतं. अभयारण्य असल्यामुळे फाटक कधी उघडतं आणि कोणत्या दिवशी बंद असतं याची आदल्या दिवशी चौकशी करायची. फाटक उशिरा उघडणार असेल तर पहिला तास बाहेरच्या शेतांच्या कडेने घालवा; कोतवाल, वेडा राघू, टिटवी, नीलपंख हे तसेही उघड्यावरचेच पक्षी.

दहा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर जानापाव. मुंबई रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर, समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या आसपास. चंबळ इथेच उगम पावते. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे निम्मी मंडळी गाडीने माथ्यावर आणि निम्मी पायी, अशी विभागणी करता येते. एकत्र कुटुंबाला ही सोय फार मोलाची. फक्त कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जाऊ नका, तिथे जत्रा भरते.

चोरल आणि पाताळपाणीकडचं सागवानी जंगल पक्ष्यांसाठी या दोन्हींपेक्षा सरस आहे, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी ठेवा.

सावधान : पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात किंवा धबधब्याच्या वरच्या अंगाला मुलांना उतरवू नका. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या बाजूला झालेल्या पावसाचा लोंढा अचानक येतो. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला माणसं वाहून गेली ती अशीच.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरपासून थंडीचे पाहुणे आलेले असतात, फेब्रुवारीत पानगळ झाल्यावर पक्षी लपायला जागा उरत नाही. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. फुललेला पळस सापडला तर पुढे जायचं नाही, तिथेच सतरंजी टाकायची. शिंजीर, बुलबुल, कोतवाल, टकाचोर, पोपट, भोरड्यांचे थवे, सगळे मधाला येतात आणि झाडावर पानं नसल्यामुळे शेंबडं पोरसुद्धा पक्षी शोधू शकतं.

२. आदल्या आठवड्यातला सराव

टेकरीवर जाऊन पहिल्यांदा दुर्बीण हातात घेणं ही दुसरी मोठी चूक. आठवडाभर आधी संध्याकाळी गच्चीवर किंवा सिरपूर तलावावर जा. तलाव अशासाठी की पाण्यावरचे पक्षी मोठे असतात, उघड्यावर असतात आणि एका जागी बराच वेळ राहतात. झाडातला शिंपी पक्षी शोधण्याआधी पाण्यातला बगळा शोधता आला पाहिजे.

या सरावात मुलांना चार मापं पाठ करून घ्या : चिमणी, साळुंकी, कावळा, घार. पुढे कोणताही अनोळखी पक्षी दिसला की पहिलं वाक्य हेच, "साळुंकीपेक्षा लहान, चिमणीपेक्षा मोठा." माप आलं की निम्मे पर्याय तिथेच गळतात.

घराभोवतीचे सात-आठ पक्षीही नीट ओळखीचे करून घ्या. साळुंकी, बुलबुल, दयाळ, सातभाई, शिंजीर, तांबट, खंड्या, शिक्रा. रोजचा पक्षी डोळ्यांत पक्का बसलेला असेल तरच वेगळा पक्षी वेगळा वाटतो.

३. दुर्बीण : विकत घेणं सोपं, जुळवणं अवघड

८×४२ किंवा ८×३२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १२ पट, २० पट दाखवेल, घेऊ नका. जितकी पट जास्त तितका हाताचा कंप जास्त दिसतो आणि दिसणारा गोल लहान होतो, मग हलता पक्षी त्यात सापडत नाही. मुलांसाठी ६ किंवा ७ पट चालते, वजनाला हलकी हवी. खेळण्यातली प्लॅस्टिकची दुर्बीण देऊ नका. त्यातून काही दिसत नाही आणि मूल समजतं की आपल्यालाच जमत नाही.

जुळवणी प्रत्येकाने स्वतःची करायची, घरीच, दिवसाउजेडी, समोरच्या दुकानाची पाटी बघून :

पहिलं, चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी कडा आत दाबा किंवा फिरवून बसवा. चष्मा नसेल तर बाहेर काढा. चष्मा काढून बघायची गरज नाही.

दुसरं, दोन्ही नळ्या जवळ-लांब करा. दोन गोलांचा मिळून एकच गोल दिसला की थांबा. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं, म्हणून मोठ्यांकडून दुर्बीण मुलाच्या हातात गेली की हे दर वेळी पुन्हा करावं लागतं. "मला दोन-दोन दिसतंय" किंवा "काळंच दिसतंय" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

तिसरं, उजवा डोळा मिटून (किंवा उजव्या भिंगावर तळहात धरून) मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटीवरची अक्षरं स्वच्छ करून घ्या.

चौथं, आता डावा डोळा मिटा आणि उजव्या नळीवरची बारीक कडी फिरवून उजव्या डोळ्याला तीच अक्षरं स्वच्छ करा. मधल्या चाकाला या वेळी हात लावायचा नाही. ही कडी कुठे थांबली ती खूण लक्षात ठेवा. यापुढे तुमच्यासाठी फक्त मधलं चाक फिरेल.

बऱ्याच घरांत चौथी पायरी कुणी केलेलीच नसते. काही दुर्बिणींत ही कडी डावीकडे असते, तेव्हा डोळे त्याप्रमाणे उलटे घ्या.

आणि उचलण्याची रीत. पक्षी दिसला की लोक मान खाली घालतात, दुर्बीण शोधतात, डोळ्यांना लावतात आणि मग झाडभर पक्षी शोधतात. उलटं करायचं. नजर पक्ष्यावर खिळलेली, डोकं स्थिर, आणि दुर्बीण वर येऊन थेट डोळ्यांसमोर बसते. पापणीही हलवायची नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कबुतरावर हा सराव करा. मुलं दोन संध्याकाळींत मोठ्यांच्या पुढे जातात.

तपासा : गळ्यातला पट्टा दुर्बीण छातीशी राहील इतका आखूड आहे का? पोटावर लोंबणारी दुर्बीण चढताना खडकावर आपटते.

सावधान : दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघायचं नाही. मुलांना हे सांगून भागत नाही; सूर्याच्या दिशेने उडणाऱ्या पक्ष्याचा पाठलाग करताना हात आपोआप तिकडे वळतो. पक्षी उन्हाकडे गेला की "खाली!" असा एक शब्द ठरवून ठेवा.

४. आदली रात्र

कपडे मळखाऊ : खाकी, मेंदी, तपकिरी. पांढरा शुभ्र सदरा आणि भडक जाकीट दोन्ही घरी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलंच गारठतं आणि दहाला घाम येतो, म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर बरे.

पावसाळा सरल्यापासून थंडीपर्यंत माळव्याच्या टेकऱ्यांवर गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं मोजे, लोकर, सुती पायजमा यांत शिरून बसतात. शिरलं की ते हालचालीने आत आत सरकतं. मूल दहा पावलांवर रडायला लागतं आणि सगळी मंडळी वाटेत बसून कुसळं काढतात. गुळगुळीत कापडाची पँट घाला आणि तिचे पाय मोज्यांवरून खाली ओढा, मोज्यांत खोचू नका.

खाणं : पोहे घरून डब्यात. सेव, चिवडा, बिस्किटं, जे काही पाकिटात आहे ते रात्रीच डब्यात ओता. पाकिटाचा चुरचुर आवाज पन्नास पावलांवरच्या तित्तराला पळवायला पुरतो. पाणी मोठ्यांना माणशी दीड लिटर, मुलांना एक. माथ्यावर मिळेल या भरवशावर राहू नका. प्रत्येकाची औषधं, चिकटपट्ट्या, एक चिमटा (कुसळं आणि काटे), टोपी, सतरंजी, कागद-पेन्सिल.

अत्तर, सेंटचा फवारा, सुवासिक तेल लावू नका. कारण पक्षी नाहीत, मधमाश्या आहेत. उंच झाडं, कडे, जुन्या इमारतींच्या कमानी इथे आग्या मोहोळ असतं. उग्र वास आणि धूर त्यांना चिथावतात.

सावधान : माश्या उठल्याच तर हात झटकू नका. चेहरा-मान ओढणीने झाका, लहान मूल उचला आणि आल्या वाटेने भराभर दूर व्हा.

५. घड्याळ

डिसेंबर-जानेवारीत इंदूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तुम्ही तेव्हा पायथ्याशी हवे, म्हणजे जानापावसाठी घरून साडेपाचला निघायचं. चहा थर्मासमध्ये, मुलांना गाडीत झोपू द्या. पोहे-जलेबीला वाटेत थांबायचं नाही. यावर घरात भांडण होतं. होऊ द्या.

पोचल्यावर अंधार असेल तर गाडीतच थांबा. या जंगलांत बिबट्या आहे. नीट उजाडल्याशिवाय पायवाटेला लागायचं नाही आणि लहान मुलाला झुडपामागे एकटं पाठवायचं नाही.

गाडीची दारं हळू लावा. मग दहा मिनिटं गाडीपाशीच उभं राहा. ही दहा मिनिटं कुणी देत नाही, आणि बहुतेक वेळा सकाळचा पहिला चांगला पक्षी इथेच दिसतो. तुमच्या येण्याने गप्प झालेले आवाज या वेळात परत सुरू होतात.

तपासा : ऊन पाठीशी आहे का? सकाळी पश्चिमेकडे तोंड करून बघाल तर रंग दिसतील; पूर्वेकडे बघाल तर सगळे पक्षी काळे.

६. चालण्याची रीत

सर्वांत पुढे हळू चालणारा मोठा माणूस, मग मुलं, शेवटी दुसरा मोठा. उत्साही काकांना पुढे ठेवू नका. वीस-पंचवीस पावलं चाला, दोन मिनिटं थांबा. चालताना पायांखाली बघायचं, थांबल्यावरच वर बघायचं; टेकरीवर पाय मुरगळतात ते या दोन गोष्टी एकदम केल्याने.

पक्षी दाखवताना हात उंचावून बोट रोखायचं नाही. झाडाला घड्याळ समजा : शेंडा म्हणजे बारा, उजवी बाजू तीन. "तिरक्या सागवानात, दोनवर, आतल्या फांदीला." मुलांना हे फार आवडतं. "तो बघ, तिथे, अरे तिथे!" याने मात्र आजवर कुणाला काही दिसलेलं नाही.

पाणी, फळलेला उंबर किंवा वड, उन्हाचा पहिला पट्टा पडलेली झाडं, दगडी बांध ही थांबायची ठिकाणं. बांधावर थंडीत शेपूट थरथरवणारा थिरथिरा दिसेल, तो लपत नाही.

आता जंगलातली खरी गंमत. बराच वेळ झाडं रिकामी असतात आणि मग एकदम पाच मिनिटं चारीबाजूंनी हालचाल. हा वेगवेगळ्या जातींचा मिळून फिरणारा थवा. शेंड्यात नारिंगी-करडे निखार, पानांत पिवळा सुभग आणि चष्मेवाले, बुंध्यावर सुतार, खालच्या झुडपात पंखा उघडून नाचणारा नाचण, आणि कडेला एखाद्या उघड्या फांदीवर कोतवाल, बाकीच्यांनी उडवलेले किडे पकडायला टपलेला. इथे लोक घाबरेघुबरे होऊन एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर दुर्बीण फिरवतात आणि शेवटी हाती काहीच लागत नाही. आधी दुर्बीण खाली करा. साध्या डोळ्यांनी थवा कोणत्या दिशेला सरकतोय ते बघा, त्याच्या पुढे दहा पावलं जाऊन उभे राहा आणि तो तुमच्यावरून जाऊ द्या. घरातल्यांना वाटून द्या : तू शेंडा, तू बुंधा, आजी झुडूप. थवा गेला की लगेच पुढे निघू नका, मागे राहिलेला एखादा असतोच.

आजी-आजोबांना किंवा कंटाळलेल्या मुलाला चालवत नेऊ नका. उंबराखाली नाहीतर पाण्याजवळ सतरंजीवर बसवा, बरोबर एक मोठा माणूस ठेवा. माझं तर स्पष्ट मत आहे की तासभर एका जागी बसलेल्याला चालणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

७. नाव शेवटी

पक्षी दिसला की मोबाइल काढायचा नाही. क्रम असा : आकार (चार मापं), चोच आणि शेपूट, काय करतोय, आणि मग रंग. रंगाने सुरुवात केली की फसगत होते, कारण तो उजेडाप्रमाणे बदलतो. पक्षी उडाल्यावर दोन ओळी लिहा किंवा वाकडंतिकडं चित्र काढा. नाव त्यानंतर.

नेहमीचे घोटाळे :

काळा पक्षी, लांब शेपूट. दुभंगलेलं टोक असेल तर कोतवाल. शेपूट सरळ, डोळा लालभडक, चोच फिकट असेल तर नर कोकीळ.

दयाळ आणि चिरक. दयाळाचं पोट पांढरं, शेपटीच्या कडा पांढऱ्या. चिरकाच्या शेपटीखाली तांबूस, शेपूट सतत उभी, आणि तो उघड्या खडकाळ जागी जास्त.

छातीवर मधोमध काळी रेघ असलेला पिवळट चिमुकला पक्षी नवीन जात नव्हे. विणीच्या हंगामाबाहेरचा नर शिंजीर आहे.

मर्लिन ॲप आवाज ऐकून नावं सुचवतं, आणि ते सूचनेपुरतंच घ्या. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. ॲप म्हणेल शिक्रा आणि समोर बसलेला असेल कोतवाल. डोळ्यांनी दिसला तरच यादीत.

वनरक्षक बरोबर असेल तर तो हिंदी नावं सांगेल. तो "दूधराज" म्हणाला तर सगळं सोडून बघा. मध्य प्रदेशचा हा राज्यपक्षी मराठी पुस्तकांत स्वर्गीय नर्तक म्हणून असतो. नराची लांब शेपटी फितीगत मागे येते.

सावधान : ॲपमधले आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्यांना बोलावू नका. तिथल्या नराला हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटतं आणि तो खाणं सोडून भांडायला येतो. घरटं दिसलं तर थांबायचं नाही, फोटोसाठी फांदी बाजूला करायची नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर तिची अंडी जवळच जमिनीवर आहेत. पायांखाली बघत आल्या वाटेने मागे फिरा. घुबड-पिंगळ्याची ढोली घरच्या ग्रुपवरही टाकू नका.

८. दहा वाजता : पोहे, तोंड दरीकडे

माथ्यावर किंवा कड्यापासून सुरक्षित अंतरावर बसा. मुलं दरीच्या उलट बाजूला. झाडांतली गडबड आता संपलेली असते, पण उन्हाने जमीन तापून हवा वर चढायला लागते आणि तिच्यावर शिकारी पक्षी चढतात. घार, शिक्रा, सर्पगरुड, नशीब असेल तर पांढरं गिधाड. म्हणजे जेवणाची वेळ वाया जात नाही, फक्त एकाने आळीपाळीने आकाशाकडे बघायचं. घारीची शेपूट मध्ये खाचलेली असते. ती नसेल तर हाक मारा.

माकडांना काही देऊ नका. डबा झाकूनच ठेवा.

साडेअकरापर्यंत उतरायला लागा. मुलं खुशीत असतानाच निघालात तर पुढच्या वेळी स्वतःहून उठतील. उतरताना पक्षी बघायचे नाहीत, पाय बघायचे.

९. नोंद, त्याच दिवशी

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याचं ॲप) यादी टाकायची तर ती चालायला सुरुवात करताना सुरू करा आणि उतरल्यावर बंद करा. वेळ आणि अंतर आपोआप येतं. अंदाजे का होईना, आकडा लिहा : साळुंक्या १२, सातभाई ७. मोजता आलं नाही तर फुली चालते. ओळख न पटलेला पक्षी बळंच कोणत्या नावात बसवू नका. ओळखलेले सगळे लिहिले असतील तरच यादी पूर्ण असल्याच्या प्रश्नाला "हो" म्हणा. कावळे-कबुतरं गाळून फक्त देखणे पक्षी टाकले असतील तर "नाही".

आणि शेवटी ठिकाणाची खूण बघा. घरी सोफ्यावर बसून यादी केली की पुष्कळदा घराचाच पत्ता जातो, आणि तुमचा सर्पगरुड विजयनगरच्या तिसऱ्या मजल्यावर नोंदला जातो.